यादीतले नाव आणि कामाचे गाव : पालघर-बोईसर पट्ट्यातील मतदानाचा इतिहास

पालघर लोकसभा मतदारसंघात 28 मे 2018 रोजी पोटनिवडणूक झाली, तेव्हा निम्म्याहून थोड्याच अधिक मतदारांनी मतदान केले. मतदान असे घसरले की लोक उदासीन झाले, राजकारणाला विटले, असे निष्कर्ष सर्रास काढले जातात. मतदानाची टक्केवारी मात्र यादीतील नावे आणि प्रत्यक्ष केंद्रावर पोचलेली माणसे यांच्या प्रमाणातून निघते. आणि ज्या प्रदेशात माणसाचे नाव एका गावी व पोटापाण्याचे काम दुसऱ्या गावी असते, तेथे हे प्रमाण लोकांच्या मनाइतकेच त्यांच्या स्थलांतराबद्दलही सांगत असते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून वीटभट्टीवर उतरणारा आदिवासी आणि बोईसरजवळच्या सरावलीच्या चाळीत राहून तारापूरच्या कारखान्यात राबणारा परप्रांतीय कामगार या दोघांची स्थिती या दृष्टीने सारखीच आहे, आणि तिची मुळे बरीच जुनी आहेत.

स्वातंत्र्यापूर्वी या भागातील बहुसंख्य लोकांना मताचा अधिकारच नव्हता. 1935 च्या कायद्यानुसार झालेल्या 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या आधारे मताधिकार ठरे, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येपैकी सातव्या हिश्श्याच्या आसपास लोकांनाच तो मिळाला होता. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील वारल्यांच्या जमिनी तोवर मोठ्या प्रमाणावर जमीनदार-सावकारांकडे गेलेल्या असल्यामुळे, जमीन कसणारा वारली मतदारयादीबाहेर आणि त्याचा धनी यादीत, अशी स्थिती होती. वेठ, म्हणजे मजुरी न देता सक्तीने करून घेतलेले काम, आणि लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी धन्याकडे राबणारा गडी, या दोन प्रथांनी येथील माणूस बांधलेला होता. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या पुढाकाराने वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात या लढ्याची हकिकत लिहून ठेवली आहे.

या पार्श्वभूमीवर 1951-52 मध्ये आलेला प्रौढ मताधिकार ही येथील लोकांच्या दृष्टीने मोठी उलथापालथ होती, कारण कालपर्यंत ज्याच्यापुढे मान वर करता येत नव्हती त्या धन्याच्या मताइतकेच मोल आता गड्याच्या मतालाही आले. तिचा परिणाम 1957 मध्ये दिसला. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्य असत, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडले जात, प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि दोहोंपैकी एक जागा राखीव असे. अशा ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू माटेरा हे दोघेही कम्युनिस्ट उमेदवार लोकसभेवर गेले. ही पद्धत 1961 च्या कायद्याने संपली. पुढे अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या डहाणू मतदारसंघाने 1977 मध्ये मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम, 1980 पासून सलग चार वेळा काँग्रेसचे दामोदर शिंगडा आणि 1996 मध्ये भाजपचे चिंतामण वनगा यांना निवडून दिले. इतक्या भिन्न विचारांच्या पक्षांना आलटून पालटून कौल देणारा मतदार उदासीन म्हणता येणार नाही.

याच काळात समुद्रकाठच्या पट्टीचे रूप पालटत होते. तारापूर अणुविद्युत केंद्रातून ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत वाढत गेली आणि रसायने, औषधे, पोलाद व कापड यांच्या कारखान्यांमुळे बोईसर हे रेल्वेस्थानक कामगारांचे उतरण्याचे ठिकाण झाले. वसाहतीच्या लगतची सरावली ही कागदोपत्री ग्रामपंचायतच राहिली, तरी तिच्या हद्दीत चाळी, दुकाने आणि भाड्याच्या खोल्या यांची दाट वस्ती उभी राहिली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा यांसारख्या राज्यांतून आलेला कामगार येथे वर्षानुवर्षे राहतो, येथलेच पाणी पितो, येथल्याच हवेतला धूर सोसतो, पण त्याचे नाव पुष्कळदा मूळ गावच्या यादीत असते.

या संदर्भात कायदा काय म्हणतो हे पाहणे आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 च्या कलम 19 प्रमाणे मतदार होण्यासाठी माणूस त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहणारा’ असावा लागतो, आणि कलम 20 सांगते की केवळ घराची मालकी असल्याने कोणी तेथला रहिवासी ठरत नाही, तसेच तात्पुरते बाहेर गेल्याने त्याचे रहिवासीपण संपत नाही. पहिल्या तरतुदीनुसार सरावलीतल्या भाडेकरूला येथे नाव नोंदवता येते, परंतु चाळमालक लेखी भाडेकरार करून देत नसेल आणि ठेकेदार बदलला की खोलीही बदलत असेल, तर राहण्याचा पुरावा आणायचा कोठून, हा प्रश्न उरतो. दुसऱ्या तरतुदीमुळे भट्टीवर गेलेल्या आदिवासीचे नाव गावच्या यादीत टिकते; पण भाताची कापणी-मळणी आटोपल्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन वसई-भिवंडीकडे गेलेले कुटुंब शिमग्याला गावी येऊन पुन्हा भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर घरी परतते, त्यामुळे एप्रिल-मेमधील मतदानाच्या दिवशी ते नेमके कामावर असते. मतदानादिवशी भरपगारी सुट्टी देण्याचे बंधन 1951 च्या अधिनियमातील कलम 135ब ने घातले असले, तरी नगावर मजुरी घेऊन विटा पाडणाऱ्या कुटुंबाच्या हाती प्रत्यक्षात खाडाच पडतो.

2008 च्या पुनर्रचनेने या गुंतागुंतीत आणखी भर घातली. डहाणू मतदारसंघाच्या जागी पालघर मतदारसंघ आला आणि पूर्वी उत्तर मुंबईत मोडणारा वसई-विरारचा भाग त्याला जोडला गेला. त्यामुळे मोखाड्याचा पाडा, सातपाटीचा मच्छीमारवाडा, बोईसरची चाळ आणि नालासोपाऱ्याची इमारत यांचा खासदार एकच झाला. 2009 मध्ये सुमारे 48 टक्के मतदान होऊन बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव 12,360 मतांनी निवडून आले. 2014 मध्ये मतदान 62 टक्क्यांच्या पुढे गेले आणि वनगा 2,39,520 मतांनी विजयी झाले. जानेवारी 2018 मध्ये वनगांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेतर्फे आणि काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपतर्फे उभे राहिले. मतदानाच्या दिवशी अनेक केंद्रांवर यंत्रे बिघडून रांगा खोळंबल्या, संध्याकाळी जाहीर झालेली सुमारे साडेसेहेचाळीस टक्क्यांची प्राथमिक संख्या पुढे त्रेपन्नच्या आसपास गेली आणि या फरकावरून वाद पेटला. गावित 29,572 मतांनी जिंकले, परंतु त्यांना मिळालेली 2,72,782 मते पडलेल्या मतांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती, म्हणजेच यादीतील साधारण सहा जणांपैकी एकाच्या पसंतीवर खासदार ठरला. पुढे 2019 आणि 2024 मध्ये मतदान पुन्हा 63 टक्क्यांच्या वर गेले. या सर्व निवडणुकांत डहाणू-विक्रमगडकडील आदिवासी भागांचे मतदान नालासोपाऱ्याच्या शहरी भागापेक्षा चढे राहत आले आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कमी मतदानाची बरीच चर्चा युरोपीय संसदेच्या निवडणुकांवरूनही झाली आहे. 1979 मध्ये तेथे सुमारे 62 टक्के मतदान झाले, ते दर खेपेला घसरत 2014 मध्ये 42.6 टक्क्यांवर आले आणि 2019 मध्ये पुन्हा 50 टक्क्यांच्या वर चढले. कार्लहाइन्झ राइफ आणि हर्मान श्मिट या अभ्यासकांनी 1980 मध्येच अशा निवडणुकांना दुय्यम दर्जाच्या निवडणुका म्हटले: ज्या निवडणुकीतून सरकार बनत नाही, तिला मतदार कमी येतात आणि आलेले बहुधा सत्ताधाऱ्यांवरचा राग काढून जातात. पालघरची 2018 ची पोटनिवडणूक या व्याख्येत अंशतः बसते, कारण एका जागेने दिल्लीचे सरकार बदलणार नव्हते. परंतु युरोपात घराजवळची निवडणूकही बहुतेकदा दुय्यम ठरते, तर महाराष्ट्रातील खेड्यांत ग्रामपंचायतीची निवडणूकच चुरशीची होते. काही शे मतदारांच्या प्रभागात दोन-चार मतांनी निकाल फिरतो, उमेदवार भाऊबंदांपैकी असतो, आणि नळ, गटार, दाखला यांसाठी त्याच्याच दारात जायचे असते. म्हणून बाहेरगावी गेलेल्या मतदारालाही गाडी पाठवून आणले जाते. आणण्याची सोय झाली की तोच माणूस केंद्रावर येतो, यावरून त्याची इच्छा आणि त्याची अडचण या वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट होते.

या अडचणीवर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचे, म्हणजे कामाच्या गावी राहून मूळ मतदारसंघात मत देता येईल अशा यंत्राचे, प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी राजकीय पक्षांना बोलावले होते. अनेक पक्षांच्या आक्षेपांमुळे ते मागे पडले. त्या यंत्राने भट्टीवरच्या कुटुंबाचा प्रश्न काही अंशी सुटला असता. सरावलीच्या कामगाराचे मत मात्र तरीही त्याच्या मूळ गावीच गेले असते आणि ज्या वसाहतीच्या सांडपाण्याचा, रस्त्यांचा व दवाखान्याचा त्याच्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे, तिच्या कारभारात त्याचा आवाज उमटला नसता. त्याच्यासाठी भाडेकराराविनाही राहण्याचा पुरावा ग्राह्य धरून चाळीचाळीत नोंदणी करणे हाच सरळ मार्ग आहे. ज्यांच्या आजोबांना जमीन नाही म्हणून मत नाकारले गेले, त्यांच्या नातवंडांना कामाला गेले म्हणून आणि त्यांच्या शेजारी येऊन राहिलेल्यांना पत्त्याचा कागद नाही म्हणून मत गमवावे लागू नये, ही प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वाची किमान अपेक्षा आहे. कमी टक्केवारीचा दोष मतदाराच्या माथी मारण्यापूर्वी ही अपेक्षा कितपत पुरी झाली, याचा हिशेब शासनाने आणि पक्षांनी मांडला पाहिजे.