देह हेंच मापनयंत्र

विजेचा प्रवाह मोजणारें यंत्र जन्मास येण्यापूर्वीं तो मोजला कसा गेला असेल? उत्तर साधें आहे: एका माणसानें तो स्वतःच्या अंगावर मोजला. हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) हा इंग्रज शास्त्रज्ञ तो माणूस होय.

त्याची पद्धत अशी. काचेच्या नळींत मिठाचें पाणी भरावयाचें, लेडन बरण्यांत सांठविलेली वीज त्या पाण्यांतून व आपल्या देहांतून जाऊं द्यावयाची, आणि लगेच दुसऱ्या नळीचा धक्का घेऊन पाहावयाचा. दोन्ही धक्के सारखे भासेपर्यंत तो नळींतील तार सरकवून पाण्याच्या स्तंभाची लांबी कमीअधिक करी.

माणसाचें अंग इतकें विश्वासू असतें काय? आज आम्हांस ठाऊक आहे कीं, शरीराचा रोध मुख्यतः त्वचेच्या वरच्या कोरड्या थरांत असतो. तो एक लक्ष ओहमपर्यंत असूं शकतो, आणि त्वचा भिजली कीं हजाराच्या आसपास उतरतो. परंतु कॅव्हेंडिश परिमाण काढीत नव्हता, तुलना करीत होता. दोन्ही वेळीं देह तोच असल्यामुळें त्याचा रोध दोन्ही पारड्यांत सारखाच पडे. म्हणूनच लोखंडाची तार पावसाच्या पाण्याहून सुमारें ४० कोटी पट अधिक विद्युद्वाहक आहे, असें तो १७७६ सालीं लिहूं शकला. १७८१ त तर, जो नियम ओहमनें १८२७ त प्रसिद्ध केला, त्याच्या गाभ्यापर्यंत तो पोहोंचला होता.

पण हीं टिपणें त्यानें छापलींच नाहींत. मॅक्सवेलनें केंब्रिजच्या प्रयोगशाळेंत ते प्रयोग पुन्हां करून पाहिले व १८७९ त, मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस, तीं टिपणें प्रसिद्ध केलीं. तोंवर ओहमला तीच वाट नव्यानें तुडवावी लागली होती. विद्येचा संचय करणें हें निम्में कर्तव्य. ती दुसऱ्याच्या हातीं देणें हें उरलेलें, असें आम्हांस वाटतें.

या इतिहासाचा घरगुती धडाही आहे. आमच्या घरांतील वीज २३० व्होल्टची असते. रोध हजार ओहम असल्यास देहांतून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल, आणि त्याच्या निम्म्यानेंही हृदयाची लय बिघडूं शकते. कॅव्हेंडिशला आपला देह दोन्ही वेळीं एकच आहे एवढें पुरे होतें; ओल्या हातानें बटण दाबणाऱ्यास मात्र तेवढा आधार नाहीं.