बाटलीवरचे साल

वाइनच्या बाटलीवर छापलेले साल ती बाजारात आली तेव्हाचे नसते. द्राक्षे ज्या हंगामात खुडली त्या हंगामाचे असते. व्हिस्कीसारख्या मद्यांत वयाचा मान मोठा, तेथे 'बारा वर्षे मुरलेली' असे सांगतात. वाइनमध्ये मान आहे तो जन्मसालाला. इंग्रजीतला 'व्हिंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षाच्या सुगीचा. आपल्याकडे तो जुन्या मोटारींबरोबर आला आणि त्याचा अर्थ 'जुनाट पण भारी' असा रूढ झाला. त्यामुळे सुगी हा त्याचा मूळ अर्थ मराठी वाचकापर्यंत सहसा पोचत नाही. सुगीचे साल हे वाइनच्या गुणाचे माप केव्हा बनले, ते कोणी बनवले आणि आज बाटली निवडणाऱ्याने त्यावर कितपत विसंबावे, एवढाच प्रश्न आम्हांला येथे पाहायचा आहे.

सालाचा अभिमान रोमनांना होता. इ. स. पू. १२१ मध्ये ल्युसियस ओपिमियस कॉन्सुल असताना इटलीत द्राक्षे अशी पिकली की त्या वाइनला त्याचेच नाव पडले. जवळजवळ दोनशे वर्षांनंतर थोरल्या प्लिनीने ती वाइन अजून कोठे कोठे शिल्लक असल्याची आणि मधासारखी दाट झाल्याची नोंद केली आहे. या प्रतिष्ठेची टवाळीही लगेच झाली. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये ट्रिमाल्किओ हा नवश्रीमंत पाहुण्यांपुढे काचेचे बुधले मांडतो आणि त्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्यांवर लिहिलेले असते : ओपिमियन फालेर्नियन, शंभर वर्षांची. ग्रंथ नीरोच्या काळातला मानला, तर ती वाइन पावणेदोनशेच्या पुढची असायला हवी. यजमानाला ना इतिहास ठाऊक ना अंकगणित. ठाऊक आहे ते एवढेच की चिठ्ठीवर नाव हवे. सालाच्या मोठेपणाबरोबर सालाची बतावणीही जन्मते, हे पेट्रोनियसने चांगले ओळखले होते.

यानंतर हजारभर वर्षांहून अधिक काळ युरोपात वाइनला वय नव्हते. ती लाकडी पिंपात राही, पिंपात हवा शिरे आणि वर्ष सरता सरता ती आंबट होई. मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला जहाजांचे ताफे जात ते नवी वाइन घेऊन. नवी येऊन पोचली की गेल्या सालच्या वाइनचा भाव कोसळे. आज जुन्या बाटलीसाठी जी किंमत मोजली जाते तिच्या नेमके उलट. हे चित्र बदलले ते काचेमुळे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत बाटल्या घडू लागल्या, बुचाचा वापर वाढला आणि अठराव्या शतकात बाटली आडवी ठेवता येईल अशा आकाराची झाली. आडव्या बाटलीत बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही. वाइन वर्षानुवर्षे टिकू लागली, तेव्हाच एका सालाची दुसऱ्या सालाशी तुलना करणे शक्य झाले. ज्याला आपण परंपरागत रसिकता समजतो, तिचे वय असे जेमतेम तीनशे वर्षांचे आहे.

सालाची दखल त्याआधीही घेतली जात होती, पण ती चवीसाठी नव्हे. फ्रान्समध्ये द्राक्षे केव्हा खुडायची हे शेतकऱ्याने एकट्याने ठरवायचे नसे. गावातील जाणते मळे पाहून येत, मग दवंडी पिटली जाई आणि त्या दिवसापासून तोडणी सुरू होई. चोरीला आळा बसावा, धर्मसंस्थेचा व जमीनदाराचा वाटा एकदम वसूल व्हावा, असे तिचे व्यावहारिक हेतू. या दवंडीच्या तारखा नगरपालिकांच्या आणि मठांच्या दप्तरांत पडून राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड आंगो या हवामानशास्त्रज्ञाने त्या गोळा केल्या आणि १९६७ मध्ये एमान्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकाराने इ. स. १००० पासूनच्या हवामानाचा इतिहास लिहिताना त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. तर्क साधा होता : वसंत आणि उन्हाळा उष्ण असेल तर द्राक्ष लवकर पिकते, थंड असेल तर उशिरा. तापमापक नव्हता तेव्हा द्राक्षवेलच तापमापक होती.

लादुरी यांचे मोठेपण आम्हांला वाटते ते या साक्षीदाराची उलटतपासणीही त्यांनी घेतली यात. तोडणीची तारीख माणूस ठरवतो. युद्ध असेल, मजूर मिळत नसतील, तर ती सरकते. लोकांना अधिक गोड, अधिक कडक वाइन आवडू लागली, तर मळेवाले थांबतात आणि तारीख पुढे जाते. हवामान मात्र तेच असते. दप्तरातील कागद निसर्गाविषयी बोलताना माणसाविषयीही बोलत असतो, हे ऐतिहासिक साधने वाचणाऱ्या कोणालाही नवे नाही. तरीही ही मालिका मोलाची आहे. बर्गंडीतील बोन या गावची १३५४ ते २०१८ पर्यंतची सलग मालिका २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १९८७ पर्यंत तोडणीची सरासरी तारीख २८ सप्टेंबरच्या आसपास आहे आणि १९८८ नंतर ती सुमारे तेरा दिवस अलीकडे आली आहे.

आता हंगाम वाइनमध्ये उतरतो कसा ते पाहू. बोर्दोत मार्च-एप्रिलमध्ये वेलीला डोळे फुटतात आणि लगेच पहिले संकट येते ते दहिवराचे. एका रात्रीत कोंब करपतात. जूनमध्ये फुलोरा. तेव्हा गारठा वा पाऊस असला तर फुले गळतात, घड विरळ राहतात. ऑगस्टमध्ये मणी रंग धरतात. येथून पुढे साखर वाढते आणि आम्लता उतरते. ऊन जितके जास्त तितके हे दोन्ही वेगाने. साखर पुढे अल्कोहोल होणार, आम्लामुळे वाइनला तरतरी येणार, आणि सालीतला व बियांतला तुरटपणा तिला टिकवणार. हे तिन्ही एकाच वेळी जमून आले तर साल साधले. थंड वर्षी वाइन आंबट आणि कच्च्या पाल्याच्या वासाची होते, फार उष्ण वर्षी जड आणि बेचव. तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला तर मणी पाणी पिऊन फुगतात, रस पातळ होतो, बुरशी धरते. म्हणजे पाच महिन्यांची कमाई शेवटच्या आठवड्यात जाऊ शकते. आपल्याकडे कापसाच्या किंवा कांद्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

१८११ आणि १८१६ ही दोन साले यासाठी जवळजवळ ठेवून पाहावीत. १८११ मध्ये आकाशात महिनोन् महिने मोठा धूमकेतू दिसत होता आणि त्या वर्षीची फ्रेंच वाइन उत्कृष्ट निघाली. लोकांनी दोहोंची सांगड घातली आणि 'धूमकेतूची वाइन' पुढे कित्येक वर्षे भाव खात राहिली. पाच वर्षांनी १८१६ आले. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्याच्या राखेने आणि वायूंनी उन्हाळाच हिरावला, युरोपात अन्नाची टंचाई झाली आणि द्राक्षे कमालीची उशिरा, अर्धीकच्ची खुडावी लागली. धूमकेतूचा वाइनशी संबंध नव्हता, तरी तो सर्वांना दिसला. तांबोराचा संबंध होता आणि तो ओळखायला शतक जावे लागले. अशा अर्ध्याकच्च्या सालांवर एक उपायही तोवर निघाला होता. रसायनशास्त्रज्ञ आणि नेपोलियनचा गृहमंत्री शाप्ताल याने आंबण्यापूर्वी रसात साखर घालण्याची पद्धत १८०१ मधील आपल्या ग्रंथात पुरस्कारिली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आता एक प्रश्न, जो वाइनविषयक पुस्तकांत क्वचितच विचारला जातो : चांगले साल, ते कोणाचे? महाराष्ट्रात पिकाची आणेवारी लावण्याची जुनी पद्धत आहे. आता तिला पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. वाइनचे गुणतक्तेही वरवर असेच दिसतात, वीसपैकी किंवा शंभरपैकी गुण. पण आणेवारी मोजते ती पिकाची रास, आणि तक्ता मोजतो ती चव. या दोहोंचे पुष्कळदा वाकडे असते. १९४५ च्या मे महिन्याच्या आरंभी बोर्दोत दहिवराने कोंब मारले, नंतर कडक, कोरडा उन्हाळा आला, पीक अगदी थोडे निघाले. उरलेल्या घडांत वेलीचा सगळा जीव उतरला आणि विसाव्या शतकातील थोर सालांत १९४५ ची गणना झाली. शातो मूतोंने त्या वर्षीच्या लेबलावर विजयाचा 'व्ही' मिरवला. १९६१ चीही तीच कथा : फुलोऱ्यात मार, पीक निम्म्याहून कमी, वाइन अजरामर. ज्या मळेवाल्याची त्या वर्षी कोठी रिकामी राहिली त्याच्या दृष्टीने ही आणेवारी काय होती? १९५६ च्या फेब्रुवारीतील थंडीने तर पोमरोल आणि सँ-एमिलियों भागातील वेलीच मारल्या. या सालाला तक्त्यात शून्याजवळचे स्थान मिळाले, पण गावाच्या आठवणीत त्याचे वजन १९६१ पेक्षा जास्त असणार. जाता जाता एक योगायोग : आपल्याकडचे बहात्तर हे दुष्काळाचे साल, बोर्दोतही १९७२ ची वाइन थंडीने बिघडलेली. तरी व्यापाऱ्यांनी ती विक्रमी भावाने विकत घेतली आणि दोन वर्षांत तो बाजार कोसळला.

तक्त्यांची सत्ता वाढली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने १९८२ च्या बोर्दोची आरंभीच मुक्त स्तुती केली, ती खरी ठरली आणि पुढची तीन दशके त्याच्या शंभरपैकी गुणांवर भाव ठरत राहिले. याच काळात प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी चव न घेता साल पारखण्याचे सूत्र मांडले : आदल्या हिवाळ्यातला पाऊस जास्त, वाढीच्या हंगामातले तापमान जास्त आणि तोडणीआधीच्या दोन महिन्यांतला पाऊस कमी, की वाइन चांगली. समीक्षक खवळले. आम्हांला हा वाद ओळखीचा वाटला. कवितेची संख्याशास्त्रीय चिकित्सा केली की आमच्या विभागांतही असेच वातावरण तापते. मात्र १९८९ आणि १९९० ही साले थोर ठरतील हे त्यांचे भाकीत चुकले नाही. अर्थात सूत्र सांगते ते साऱ्या प्रदेशाविषयी. एकाच साली शेजारशेजारच्या दोन मळ्यांतून दोन तऱ्हेच्या वाइन का निघतात, हे त्याला सांगता येत नाही, आणि पिणाऱ्याच्या हाती तर एकच बाटली असते.

शिवाय ते सूत्र थंड काळाच्या अनुभवावर उभे होते. ऊन वाढले की वाइन सुधारते, हे जेथे ऊन अपुरे पडे तेथले सत्य. २००३ मध्ये बोनला १९ ऑगस्टलाच तोडणी सुरू झाली. त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्म्याने सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, त्यांत म्हातारी माणसे अधिक. त्या सालच्या वाइनविषयी जाणकारांत अजून मतभेद आहेत. त्या वादात पडायची आम्हांला इच्छा होत नाही. त्यानंतर बोर्दोच्या वाइनमधील अल्कोहोल चढत गेले आणि २०२१ मध्ये तेथे सहा नव्या जातींच्या द्राक्षांना परवानगी मिळाली, त्यांत पोर्तुगालची तुरिगा नासिओनाल आहे. पूर्वी पिकेल की नाही याची धास्ती असे. आता अतिपिकण्याची आहे.

मग निवडावे कसे? आमचे मत असे की तक्त्यातील सर्वोत्तम साल हे बहुतेकांना सर्वांत गैरसोयीचे असते. ते महाग असते आणि त्यातली वाइन दहा-पंधरा वर्षे मिटून बसते. आज उघडली तर जीभ आवळणारा तुरटपणा तेवढा पदरी पडतो. लवकर प्यायची असेल तर चांगल्या मळ्याचे मध्यम साल घ्यावे. ज्याला हलकी, आंबटसर, कमी चढणारी वाइन रुचते त्याने बोर्दोचे २०२१ सारखे थंड साल शोधावे; भरदार, गोडसर झाक आवडणाऱ्याने २००९ सारखे उष्ण. एका प्रदेशाचे साल दुसऱ्याला लावू नये : १९८२ बोर्दोला लाभले, बर्गंडीला बेताचेच. एका प्रदेशातही सरसकट बोलू नये. सोतर्नच्या गोड वाइनला शरदातले धुके आणि मागाहून ऊन हवे असते, त्यामुळे १९६७ तिच्यासाठी थोर आणि शेजारच्या लाल वाइनसाठी साधारण. आणि ज्यांना सालाची कटकटच नको त्यांच्यासाठी शॅम्पेनवाल्यांनी अनेक सालांचे मिश्रण करण्याची युक्ती पूर्वीच काढून ठेवली आहे.

हे सगळे गणित नाशिकला येऊन उलटे होते. येथे वेल थंडीत झोपत नाही. तिला कात्रीने वळण लावावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात जो काळ विश्रांतीचा तो येथे फळ भरण्याचा, आणि भीती दहिवरापेक्षा अवकाळी पावसाची, केवडा आणि भुरी या रोगांची. फ्रान्सचा तक्ता हाती धरून नाशिकची बाटली निवडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा त्यांनी त्या हिवाळ्यातली वर्तमानपत्रे चाळली असती तर बरे. येथील बहुतेक वाइन ताजीच प्यावी अशी बनवलेली असते, म्हणून पांढरी तरी मिळेल तितक्या अलीकडच्या सालाची घ्यावी. आणि दुकानातली ती बाटली एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या झळा लागणाऱ्या फळीवर उभी होती की आत गारव्यात, एवढे विचारून घ्यावे.