डेडहॅम, मे १९८१

बॉस्टनजवळच्या डेडहॅममध्ये, एन्डिकॉट हाउसच्या सभागृहात तुम्ही मागच्या खुर्चीत अंग चोरून बसला आहात. मांडीवर वही. परिषदेचा विषय आहे गणनेचं भौतिकशास्त्र. यजमान एमआयटी आणि आयबीएम. आजूबाजूला नीट बघून घ्या. ते कोन्राड त्सूझ, १९४१ साली बर्लिनमध्ये झेड-३ हा संगणक चालवून दाखवणारे. ते रॉल्फ लँडाउअर : साठवलेला एक बिट पुसायचा तरी निसर्ग उष्णतेच्या रूपात किंमत वसूल करतो, हे त्यांनी १९६१ सालीच मांडलंय. आणि ते जॉन व्हीलर, आता बोलायला उठलेल्या रिचर्ड फाइनमन यांचे गुरू.

फाइनमन यांना चार-दोन दिवसांत त्रेसष्ट पूर्ण होतील. प्रश्न ते सरळच विचारतात : निसर्गाची हुबेहूब नक्कल संगणकाला जमेल का? तुम्ही पेन्सिल उचला. एका इलेक्ट्रॉनचा स्पिन वर किंवा खाली; प्रत्येक शक्यतेला एक, म्हणजे दोन आकडे. दोन इलेक्ट्रॉन, चार आकडे. तीन, तर आठ. दहाला १,०२४. इथवर वही पुरते. चाळिसाला मात्र आकडे एक लाख कोटींच्या वर जातात आणि तीनशेला दृश्य विश्वातल्या अणूंनाही मागे टाकतात. एक कण वाढला की हिशेब दुप्पट! नेहमीचा संगणक कितीही मोठा आणा, तो इथे हात टेकणार. मग यंत्रच क्वांटम नियमांनी चालणारं बांधा, असं फाइनमन सुचवतात. जी अडचण होती तिचंच बळ करायचं, हे धाडस मला आजही थक्क करतं.

टाळ्या संपल्या की थेट पॅसाडीनाला, १९८२ मध्ये चला. कॅलटेकच्या जॉन हॉपफील्ड यांनी चुंबकीय पदार्थांचं गणित न्यूरॉनच्या जाळ्याला लावलंय. आठवण म्हणजे ऊर्जेच्या डोंगराळ मुलखातली एक दरी. अर्धवट नमुना द्या. जाळं उतारावरून जवळच्या दरीत येतं आणि राहिलेला भाग आपोआप भरला जातो. आठवायला पदार्थाचे साधे नियम पुरतात, हे पाहून अंगावर काटा येतो.

याच सुमारास फाइनमन, हॉपफील्ड आणि कार्व्हर मीड मिळून इथे गणनेचं भौतिकशास्त्र शिकवताहेत. हॉपफील्ड यांना २०२४ साली नोबेल मिळणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते मनातच ठेवा आणि वर्गात जागा धरा. बुद्धीचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या वर्गात विचारता येतो, याबद्दल इथल्या शिक्षकांना तिळमात्र संकोच नाही.