रिकाम्या टाकींतील अग्नि

पुण्याच्या अगर दादरच्या रेल्वे-पार्सल कचेरींत मोटारसायकल परगांवीं धाडावयास गेलेल्या गृहस्थाला प्रथम टाकींतील पेट्रोल काढून टाकण्यास सांगण्यांत येतें. दोन-तीन लिटर पेट्रोलसाठीं एवढा आग्रह कशाला, असें त्याला वाटतें. आणि एकदां टाकी ओतून रिकामी केली, कीं आपलें कर्तव्य संपलें अशीही त्याची समजूत होते. पहिली शंका जितकी चुकीची, तितकीच ही दुसरी समजूत धोक्याची आहे. जगाला ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांत, फार मोठें मोल देऊन शिकावी लागली.

वस्तुतः पेट्रोल हा द्रव पेटत नसून त्याची वाफ पेटते. शून्याखालीं चाळीस अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींतही, ठिणगी लागतांच भडका उडेल इतकी वाफ त्याच्या पृष्ठभागावर जमते. मात्र ती जळण्यास हवेशीं तिचें ठराविक प्रमाण जुळावें लागतें. वाफ व हवा यांच्या शंभर भाग मिश्रणांत वाफ सुमारें दीड ते साडेसात भाग असेल, तरच तें पेट घेतें. काठोकाठ भरलेल्या टाकींत हवेला जागाच नसते. टाकी ओतून टाकली म्हणजे मात्र तळाशीं, सांध्यांत व नळ्यांत थोडे थेंब राहतात, बाहेरची हवा आंत शिरते, आणि नेमकें तें घातक प्रमाण जुळून येऊं शकतें. शिवाय ही वाफ हवेहून तीन-चार पट जड असल्यामुळें चटकन् उडून न जातां खोलगट जागीं साचून राहते. भरलेल्या टाकीपेक्षां नुकतीच ओतलेली टाकी अधिक भयंकर ठरूं शकते, हें विधान विपरीत वाटलें तरी खरें आहे.

तेलवाहू आगबोटींना हा धडा प्रथम मिळाला. १८८६ च्या डिसेंबरांत इंग्लंडांतील बर्कनहेड येथें ‘पेट्रियाना’ नांवाची तेलवाहू आगबोट दुरुस्तीसाठीं उभी होती. तिच्यांतील तेल उतरवून झालें होतें. परंतु वाफ मागें राहिली होती. तिचा स्फोट होऊन काम करणारीं माणसें प्राणांस मुकलीं. टाकी धुऊन, तींत हवा खेळवून व ती तपासून घेतल्यावांचून आंत दिवा नेऊं नये, हा दंडक अशा आपत्तींतूनच हळूहळू रूढ झाला.

पुढें पेट्रोलचें एंजिन वाहनांतून उतरून माणसाच्या हातांत आलें. जर्मनींतील आंद्रेआस श्टील यांनीं १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी, झाडें तोडण्याची करवत तयार केली. तिचें वजन ४६ किलो होतें व ती चालविण्यास दोन माणसें लागत. कालांतरानें हीं यंत्रें हलकीं झालीं, आणि आज कोंकणांतील आंबा-काजूच्या बागांतही गवत कापण्याचें पेट्रोलयंत्र दिसतें. जुनीं यंत्रें दुरुस्तीसाठीं अगर विक्रीसाठीं मोटारींतून, आगबोटींतून व विमानांतून प्रवास करूं लागलीं, आणि आगबोटीच्या टाकीचा प्रश्न एका लहानशा खोक्यांत शिरला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीनें धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयीं पहिल्या शिफारशी १९५६ सालीं प्रसिद्ध केल्या. १९६५ सालीं समुद्रावरील वाहतुकीसाठीं स्वतंत्र संहिता झाली.

परंतु नियम असूनही एक खोटा शब्द केवढा घात करतो, हें पुढें एका विमानानें दाखवून दिलें. तेथें पेट्रोल नव्हतें. चूक मात्र तीच होती. ११ मे १९९६ रोजीं अमेरिकेंतील मायामीहून अटलांटाकडे निघालेलें व्हॅल्यूजेट कंपनीचें विमान सुमारें दहा मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलींत कोसळलें, व त्यांतील सर्व ११० माणसें मृत्यु पावलीं. विमानाच्या मालकोठींत, दुसऱ्या विमानांतून काढलेलीं जुनीं नळकांडीं पांच खोक्यांत भरलेलीं होतीं. आणीबाणीच्या प्रसंगीं प्रवाशांना प्राणवायु पुरविणारें असलें नळकांडें एकदां सुरू झालें, कीं आंतील रासायनिक क्रियेनें त्याचें कवच अडीचशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापूं शकतें. बहुतेकांची मुदत संपली होती. परंतु मुदत संपली म्हणून आंतील रसायन संपलेलें नव्हतें. चाप चुकून उडूं नये म्हणून बसवावयाच्या टोप्याही बसविलेल्या नव्हत्या. आणि पाठवणीच्या कागदावर शब्द होता, ‘रिकामीं’! त्या शब्दावर विसंबून खोकीं विमानांत चढविण्यांत आलीं. प्रवासी विमानांच्या अशा कोठ्यांत धुराची सूचना देणारीं व आग विझविणारीं साधनें बसविण्याचा नियम अमेरिकेंत १९९८ सालीं झाला. तो योग्यच होता. तथापि आगीला पहिला अडसर पाठविणाऱ्याच्या खरेपणाचा असतो.

म्हणून वापरलेलें पेट्रोलयंत्र पाठवावयाचें झाल्यास तें उघड्या जागीं, चूल व दिवा यांपासून दूर न्यावें. एंजिन थंड असतां टाकींतील पेट्रोल योग्य डब्यांत काढून घ्यावें. त्यानंतर तें आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे नळी व कार्बुरेटर यांतील बरेचसें पेट्रोल संपतें. एंजिन निवल्यावर झांकण उघडें ठेवून वाफ पुरती निघून जाऊं द्यावी. मग वंगणतेल काढावें, ठिणगीच्या प्लगची तार सोडवावी, पात्यावर आवरण चढवावें व सर्व यंत्र पुसून कोरडें करावें. एवढें करूनही यंत्र वापरलेलें आहे व त्यांत पूर्वीं पेट्रोल होतें, हें वाहतूकदारास स्पष्ट सांगावें. त्यानें माल नाकारला तर दुसरा मार्ग शोधावा. जुनें यंत्र नवें म्हणून खपविणें ही हुशारी नव्हे.

आपल्याकडेही १९८९ च्या रेल्वे कायद्यानें धोकादायक माल बेकायदेशीरपणें नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे. पण कायद्याच्या भयापेक्षां एक साधा विचार अधिक उपयोगी पडेल. खोकें बांधणारा मनुष्य बहुधा घरींच राहतो; खोक्याबरोबर प्रवास करतात ते हमाल, खलाशी, वैमानिक आणि झोंपीं गेलेलीं मुलेंबाळें. त्यांना आंत काय आहे हें पाहतां येत नाहीं. वर लिहिलेल्या शब्दावरच त्यांचा जीव सोंपविलेला असतो.