चौदा अक्षरांचं कुलूप

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण जो तो आपल्या सोयीने वापरतो. मी माझ्या धंद्यापुरता तिचा अर्थ असा लावलाय: पुण्यात जो कॉम्प्युटर भंगारात जातो, तो परभणीत हिशेब लिहितो. मोंढ्यातल्या अडत दुकानात विंडोज एक्सपी अजूनही भेटतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, पण वर्षानुवर्षांची पत्रं युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टांत अडकलेली असतात, त्यांचं काय? यात आळस कमी, व्यवहार जास्त.

मशीन जुनं आहे याची मला फारशी काळजी नसते. शेजारच्या मशीनवरचं फोल्डर उघडताना ते स्वतःची ओळख कशी पटवतं, याची असते. ती पद्धत माझ्या जन्माआधीची आहे.

१९८७च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी लॅन मॅनेजर आणलं. त्यात पासवर्ड जास्तीत जास्त चौदा अक्षरांचा. आधी सगळी अक्षरं कॅपिटल केली जात, मग सात-सातचे दोन तुकडे पाडून प्रत्येकाचं वेगळं गणित केलं जाई. या गणिताच्या उत्तराला हॅश म्हणतात. म्हणजे दिसायला चौदा अक्षरांचं कुलूप, प्रत्यक्षात सात अक्षरांची दोन. कुणी ‘परभणी’ हा पासवर्ड ठेवला, तर इंग्रजीत तो आठ अक्षरांचा होतो; दुसऱ्या कुलपात एकटं ‘आय’. ‘जिंतूर’ ठेवला तर सहाच अक्षरं, दुसरं कुलूप रिकामं. रिकाम्या तुकड्याचं उत्तर जगभर एकच येतं. त्यामुळे पासवर्ड छोटा आहे, हे चोराला न फोडताच कळतं!

१९९३ला विंडोज एनटीसोबत एनटीएलएम आलं. सर्व्हर एक आकडा पाठवतो, तुमचं मशीन तो हॅशमध्ये मिसळून उत्तर देतं. पासवर्ड तारेवरून जात नाही. छान. पण १९९७मध्ये पॉल अॅश्टन यांनी दाखवलं, की पासवर्ड माहीत नसला तरी चालतं, चोरलेला हॅशच किल्ली म्हणून पुरतो. त्याच साली लॉफ्टक्रॅक हे पासवर्ड फोडणारं साधन आलं. मायक्रोसॉफ्टने १९९८मध्ये एनटी ४च्या चौथ्या सर्व्हिस पॅकमधून दुसरी, बळकट आवृत्ती दिली. विंडोज २००० पासून केर्बेरॉस आलं, जे एमआयटीत ऐंशीच्या दशकातच तयार झालं होतं.

मग जुनं तेव्हाच बंद का झालं नाही? कारण बंद करायचं म्हणजे कुणाचं तरी जुनं मशीन बाहेर ठेवायचं. आणि केर्बेरॉसला ओळख पटवून देणारा एक मध्यवर्ती सर्व्हर लागतो. बँकेकडे तो असतो. चार कॉम्प्युटरच्या दुकानात कुठून येणार? हा सगळा इतिहास मोठ्या ऑफिसांच्या नजरेतून लिहिला जातो, असं माझं मत आहे. छोट्यांना कुणी पर्यायच दिला नव्हता. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३मध्ये मध्यवर्ती सर्व्हरशिवायही चालणाऱ्या केर्बेरॉसची योजना जाहीर केली, म्हणजे तेवीस वर्षांनी. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून एनटीएलएमची पहिली आवृत्ती काढून टाकली आहे.

एक मशीन पडलं तर फार तर काय होईल, असं विचारणाऱ्यांना मी न्हावा शेवाचं उदाहरण देतो. २७ जून २०१७ला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क समूहाच्या जगभरच्या कामकाजासोबत जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही थांबलं. तिथे दोष एकट्या एनटीएलएमचा नव्हता. फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतलं भोक हा एक रस्ता होता. मशीनच्या मेमरीतून उचललेली लॉगिनची ओळख हा दुसरा. मर्स्कला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्याकडे पैसा होता.

मोंढ्यातल्या एका ओळखीच्या काकांकडे मी हे काम केलं. आधी काही बंद करायचं नाही, फक्त बघायचं: फाइल ठेवणाऱ्या मशीनच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाच्या नोंदीत कोण कोणत्या आवृत्तीने आत आलं, ते लिहिलेलं असतं. महिनाअखेर धरून बघायचं, कारण काही मशीन त्याच दिवशी जागी होतात.

“अरे, पण एक्सपी फेकावं लागंल का?” काकांनी विचारलं.

“नाही काका, सध्या फक्त इंटरनेट तोडू.”

गंमत अशी, की दुसरी आवृत्ती एक्सपीला पहिल्यापासून येते. ती वापरायची की नाही, हे ठरवणारी ० ते ५ अशी एक सेटिंग आहे, आणि एक्सपीत ती ० वरच आलेली असते. व्हिस्टापासून ती ३ आहे: स्वतः नवीच ओळख पाठवायची, पण समोरच्याची जुनीही चालवून घ्यायची. ५ वर नेलं, की जुनीला दारातूनच परत.

एक्सपी ५ वर गेलं, कुरकुर न करता. लॉगमध्ये उरलं ते झेरॉक्स मशीन, स्कॅन केलेल्या पावत्या फोल्डरमध्ये टाकणारं. त्याला पहिलीच आवृत्ती येते आणि त्याच्या कंपनीने अपडेट देणं सोडलंय. आता काका पावत्या पेनड्राइव्हवर स्कॅन करतात, आणि दर वेळी माझ्याकडे बघतात.