तुतवारावरचे दोन आळ

आमच्या झाशीजवळ परीछाच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी जा. बेतवेच्या काठी एकटाच, मागचा भाग हलवत चिखल टोचणारा पक्षी दिसला, तर तो बहुधा तुतवार. पण कोणता? उडू द्या. पाठ काळपट, शेपटीच्या वर पांढराशुभ्र आणि पंखांखालची बाजूही काळी, तर हिरवा तुतवार. पंखांखाली फिका, पाठीवर ठिपके, भुवई ठळक, तर ठिपकेवाला. मी स्वतः दोन हिवाळे उलटंच सांगत होतो.

हा हिरवा पाहुणा उत्तरेकडच्या जंगलांत, झाडावरच्या दुसऱ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालतो. असे पक्षी कुठून येतात हे कळायला त्यांच्या पायात कडी घालावी लागते. आपल्याकडे ते काम 1920 च्या दशकात धारच्या पवार महाराजांच्या आश्रयाने, बदकांपासून सुरू झालं. मराठी संस्थानाचं हे श्रेय आपण विसरलोच.

मोठं काम 1959 पासूनचं, सलीम अलींचं. निमित्त रोगाचं. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, मग माणसंही. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला विषाणू रशियातल्या एका विषाणूचा भाऊबंद निघाला. झालं, आळ पाहुण्या पक्ष्यांवर! जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षी जाळ्यात धरून, ओळखून, कड्या घालून सोडले गेले. आरोप काही शाबीत झाला नाही. रोग पसरवत होत्या तिथल्याच रानातल्या गोचिडी.

पुढे या कामात अमेरिकी लष्कराचा पैसा आला आणि 1970 च्या दशकात जैविक युद्धाची शंका निघाली. संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत प्रकरण गेलं. फौजी म्हणून सांगतो, परक्या लष्कराच्या पैशाला प्रश्न विचारणं योग्यच होतं. पण लोकांच्या मनात कडी म्हणजे हेरगिरी, हे बसलं ते बसलंच.

मी कॅप्टन असताना सीमेवरच्या चौकीत एका जवानाने कडीवाला तुतवार पकडून आणला. म्हणाला, “साब, जासूस है.” भिंगाखाली धरलं, तर कडीवर आकडा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा, एवढंच. आकडा वहीत उतरवला, मुंबईला पत्र टाकलं. पक्षी त्यालाच सोडायला लावला. उडताना पंखांखालचा काळा रंग आम्ही दोघांनीही पाहिला.