रेजा आणि ऑपरेटर

गेल्या पावसाळ्यात आमच्या नंदिनी नगरच्या घरातला इन्व्हर्टर बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मुलानं दारात मला पाहून पहिला प्रश्न केला, “भैया घर पे नहीं हैं क्या?” बॅटरीत पाणी शेवटचं कधी घातलं, कोणता दिवा लाल होतो, घरघर कधीपासून ऐकू येते, हे घरात फक्त मला माहीत होतं. तरीही मी काय केलं? रायपूरला गेलेल्या नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मुलगा प्रश्न विचारायचा, नवरा तोच मला विचारायचा, मी मराठीत उत्तर द्यायचे आणि नवरा ते हिंदीत त्या मुलाला सांगायचा. वीस वर्षं अनुवाद करणाऱ्या बाईचा तिच्यासमोरच अनुवाद चालला होता, आणि तो तिनं स्वतःच सुरू करून दिला होता.

त्या मुलावर रागावण्यात अर्थ नव्हता. प्रश्न पडला तो माझ्याबद्दल. यंत्र दिसलं की मी एक पाऊल मागे का सरकते? हे मागे सरकणं माझ्याआधी किती जणी शिकल्या, आणि कुणी शिकवलं?

त्याच आठवड्यात छत्तीसगढच्या खाणकामगारांवरचा एक हिंदी मजकूर मी मराठीत आणत होते आणि एका शब्दावर अडले होते: रेजा. इकडे बांधकामावर, खाणीत, कोळशाच्या यार्डात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. मी आधी ‘मजूर बाई’ लिहिलं, मग ते खोडून ‘मदतनीस’ लिहिलं, तेही खोडलं. फारसीत ‘रेझा’ म्हणजे तुकडा, कण. सुट्या पैशांसाठी आपण ‘रेजगी’ म्हणतो, तिचं मूळही तेच. म्हणजे शब्दातच चिल्लर आहे. त्याच मजकुरात दुसरा शब्द होता ‘ऑपरेटर’. तो मराठीत जसाच्या तसा चालतो, आणि वाचताना डोळ्यांपुढे आपोआप पुरुषच येतो.

नंदिनी ही खाणीची वसाहत. भिलाई पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्यांना लागणारा चुनखडीचा दगड इथून जातो. सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. माझे वडील विदर्भातून इथे नोकरीला आले, त्यामुळे ही तीर्थकथा आम्ही जन्मापासून ऐकली. शाळा सुटल्यावर आम्ही मुली खाणीच्या रस्त्याकडेला उभ्या राहून डंपर मोजायचो. चालवणारी बाई कधी दिसली नाही, आणि त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंही नाही.

आमच्या मागच्या वस्तीत एक म्हातारी राहते. सगळे तिला दाई, म्हणजे आई, म्हणतात. तरुणपणी ती आणि तिचा नवरा परिसरातल्या एका दगडखाणीत ठेकेदाराकडे जोडीनं कामाला होते. तो घण मारायचा, ती फुटलेला दगड टोपलीत भरून ट्रकपर्यंत न्यायची. पुढे तिथे मशीन आलं. नवऱ्याला त्यावर ठेवून घेतलं, तिला घरी पाठवलं. कारण काय सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, “कहिन, मसीन के काम भारी हे, माईलोगन ले नइ होवय.” मशीनचं काम जड आहे, बायकांना झेपत नाही. मग पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, “मूड़ म पथरा मैं बोहत रहेंव, नोनी. मसीन तो बइठे-बइठे चलथे.” डोक्यावर दगड मी वाहत होते, पोरी. मशीन तर बसल्या बसल्या चालतं.

दाईचं हे वाक्य डोक्यात घेऊन मी वाचायला बसले, आणि तेच वाक्य मला शंभर वर्षांच्या इतिहासात ठिकठिकाणी भेटत गेलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या कोळसाखाणींत बायका सर्रास जमिनीखाली उतरत. नवरा कोळसा फोडी, बायको तो टोपलीत भरून वाही. दाईच्या जोडीची ही जुनी आवृत्तीच. १९२९ च्या नियमांनी बायकांना टप्प्याटप्प्यानं भूगर्भातून बाहेर काढायचं ठरवलं. हेतू वाईट होता असं नाही, खाणी खरोखरच जीवघेण्या होत्या. पण त्या पुरुषांसाठीही तितक्याच जीवघेण्या होत्या, आणि बाहेर पडलेल्या बाईची मजुरी कशी भरून निघणार याचं उत्तर त्या नियमांत नव्हतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला आणि १९४३ मध्ये ही बंदी उठवण्यात आली. बाईच्या प्रकृतीला जमिनीखालचं काम झेपत नाही, हा सिद्धांत कोळशाच्या टंचाईपुढे टिकला नाही.

तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी हा निर्णय युद्धकाळातली तात्पुरती सोय म्हणून मांडला, पण त्याचबरोबर जमिनीखाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, समान कामाला समान दाम, हेही ठासून सांगितलं. हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९४६ मध्ये बंदी परत आली. १९५२ च्या खाण कायद्यातल्या ४६ व्या कलमानं ती पक्की केली: जमिनीखाली बाई नाही, आणि जमिनीवरच्या खाणीतही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात.

या वेळेच्या अटीचा परिणाम लक्षात घ्यायला हवा. टोपली दिवसा वाहता येते. महागडा डंपर किंवा शॉव्हेल मात्र तीनही पाळ्यांत चालवला तरच परवडतो. जी व्यक्ती रात्रपाळीला येऊच शकत नाही, तिला ते चालवायला कोण शिकवील? कायद्यात ‘बाईला यंत्र कळत नाही’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण तिला यंत्रापर्यंत पोचूच दिलं नाही, आणि दोन पिढ्यांनी लोक म्हणू लागले की बायकांचं ते क्षेत्रच नाही.

मुंबईच्या गिरण्यांत हेच वेगळ्या रूपात घडलं. १९२० च्या दशकात तिथल्या कामगारांत दर पाचांत साधारण एक बाई होती. पण ती असायची रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात, नायकिणीच्या हाताखाली. साचेखातं, म्हणजे मागावर कापड विणायचं खातं, पुरुषांचं, आणि कमाईही तिथे जास्त. तुटलेला धागा चटकन जोडणारी बोटं बायकांची, असं कौतुक होई. पण त्याच बोटांना साचा झेपणार नाही, असंही ठरलेलं असे. १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांना रात्रीचं काम बंद केलं होतं. पुढे जास्त वेगाची यंत्रं आली, पाळ्या वाढल्या, तशी बायकांची खाती आकसत गेली. एका बाईनं जास्त चात्या सांभाळायच्या, म्हणजे बाकीच्यांनी घरी जायचं. गिरणगावाची आठवण काढताना आपण संपावर गेलेल्या पुरुषांची आठवण काढतो. त्यांच्याआधीच कमी होत गेलेल्या या बायका आठवणीतूनही गळाल्या.

उलटी वाटही जगानं पाहिली आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिअ‍ॅक हा संगणक लोकांसमोर आला, तेव्हा त्याची प्रोग्रॅमिंगची जबाबदारी सहा तरुण बायकांवर होती, कारण ते काम कारकुनी समजलं जात होतं. त्याला प्रतिष्ठा आणि पैसा आला, तसं तेही पुरुषी ठरलं.

मराठी घरांत या विषयावरची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९७४ साली सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीनं, पुढच्या सुधा मूर्तींनी, टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं वाचून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. मीही ती गोष्ट मुलीला सांगितली आहे. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. मात्र पोस्टकार्ड लिहिणारीच्या हातात बंगळूरच्या विज्ञान संस्थेतलं इंजिनिअरिंगचं शिक्षण होतं. रेजानं पोस्टकार्ड कुणाला लिहायचं?

तिनं दुसरं काहीतरी केलं, आणि ते आमच्या जवळच, दल्ली-राजहराला घडलं. भिलाईचं लोहखनिज तिथून येतं. १९७७ मध्ये तिथल्या ठेक्यावरच्या कामगारांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ काढला. शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते. खनिज फोडणारे पुरुष आणि ते वाहून ट्रकमध्ये भरणाऱ्या बायका दोघंही संघटनेत होते, त्यामुळे बायकांची संख्या मोठी होती. २ आणि ३ जून १९७७ च्या पोलीस गोळीबारात अकरा जण मेले. त्यांत अनुसूयाबाई होत्या. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, दक्षिणेकडच्या बैलाडिला खाणीत यांत्रिकीकरणामुळे ठेक्यावरच्या मजुरांची छाटणी झाली आणि तिथेही गोळीबार झाला. मशीन आलं की काय होतं, हे दल्लीच्या लोकांना त्यातून कळून चुकलं. त्यांच्या संघटनेनं पूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला आणि अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला: जिथे माणसाचा जीव जातो तिथे यंत्र आणा, जिथे त्याचं पोट भरतं तिथे हात राहू द्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत नियोगींचा खून झाला.

या लढ्याला तेव्हाही यंत्रविरोधी, मागासलेला म्हटलं गेलं. पुढे वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात शिकवणाऱ्या इलिना सेन त्या काळात दल्लीत काम करत होत्या. यांत्रिकीकरणाचा घाव आधी आणि जास्त बायकांवर पडतो, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या बायका यंत्राला भीत नव्हत्या. यंत्राच्या खुर्चीवर आपल्याला बसवणार नाहीत, हे त्यांना नीट कळलं होतं.

कोल इंडियात तर स्त्री कामगारांसाठी खास स्वेच्छानिवृत्तीची योजना होती: आईनं नोकरी सोडायची आणि तिच्या जागी मुलाला लागायची. घरोघरी याला आईची माया म्हटलं गेलं. पण खाणीच्या हजेरीपटावरची एक बाई त्यातून कमी झाली, आणि तिची जागा मुलीला जाणं कुणाच्या मनातही आलं नाही.

२९ जानेवारी २०१९ रोजी सरकारनं अधिसूचना काढून हे दार थोडं उघडलं. लेखी संमती घेऊन बायकांना उघड्या खाणीत रात्री काम करता येऊ लागलं, आणि दिवसा जमिनीखालीही, पण तिथे फक्त तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवर. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी या झारखंडच्या खाण-अभियंता सेंट्रल कोलफील्ड्सच्या चुरी भूमिगत खाणीत रुजू झाल्या, तेव्हा बातम्यांत ‘पहिली स्त्री’ असं छापून आलं. मला आनंद झाला आणि थोडं हसूही आलं. शंभर वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यातल्या खाणींत हजारो बायका उतरत होत्या. त्या ऑपरेटर नव्हत्या, म्हणून मोजल्या गेल्या नाहीत.

अनुवादात शेवटी मी ‘रेजा’ तसाच ठेवला. ‘ऑपरेटर’ला जर मराठीत यायला परवाना लागत नाही, तर रेजालाही लागू नये.

या जूनमध्ये दाईची नात आयटीआयचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. घरच्यांनी तिला दोन ट्रेड सुचवले होते, शिवणकाम आणि कॉम्प्युटर, मुलींना बरे म्हणून. तिला स्वतःला इलेक्ट्रिशियनच्या रकान्यावर खूण करायची होती, पण तिचं पेन अडलं होतं. दाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. मी एकेक ट्रेड वाचून दाखवला, तिनं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: यात पगार कुणाला जास्त मिळतो, वाहणाऱ्याला की चालवणाऱ्याला?

नातीनं खूण केली. इन्व्हर्टर परत बिघडला तर तिलाच बोलवायचं मी ठरवलं आहे. आणि तोवर दारात कुणी “भैया” विचारलं, तर फोन लावायचा नाही, एवढं मला शिकायचं आहे.